नेटवर्क-लॉक असलेला फोन: पैसे देण्यापूर्वी करावयाची तपासणी

मुंबईत परदेशी फोन मिळवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. हाजी अलीजवळचे हिरा पन्ना, क्रॉफर्ड मार्केटजवळचे मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोडवरची दुकाने, जुन्या फोनांच्या ऑनलाइन जाहिराती आणि डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेहून येणारा भाचा यांपैकी कोणत्याही वाटेने एखादा महागडा फोन भारतीय किमतीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत हाती येऊ शकतो. असा फोन दिसला की तो चोरीचा तर नाही ना, ही शंका बहुतेकांना येते आणि ती रास्तच आहे. मात्र हा फोन एखाद्या परदेशी मोबाइल कंपनीच्या सिमशी बांधलेला आहे का, हे फारच थोडे लोक विचारतात. परिणामी घरी आल्यावर आपले सिम घातले की पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’ किंवा ‘सिम नेटवर्क अनलॉक पिन’ असे शब्द उमटतात आणि तोपर्यंत पैसे हातचे गेलेले असतात.

हा लेख अशा खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर काय तपासावे, यासंबंधी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. लॉक असलेला फोन नंतर उघडून घेऊ, या भरवशावर कधीही विकत घेऊ नये. तो किती स्वस्त आहे, याने या मतात फरक पडत नाही.

हे कुलूप कोणी आणि का लावलेले असते

अमेरिकेसारख्या देशांत मोबाइल कंपन्या महागडा फोन जवळजवळ फुकट किंवा अगदी थोड्या रकमेवर ग्राहकाच्या हाती देतात आणि त्याची किंमत २४ किंवा ३६ महिन्यांच्या हप्त्यांत वसूल करतात. ग्राहकाने फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे पळ काढू नये, म्हणून तो फोन फक्त आपल्याच सिमवर चालेल अशी व्यवस्था त्या करून ठेवतात. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्यामुळे फोन एकीकडून आणि सिम दुसरीकडून घेण्याची पद्धत रुळली आणि लॉक हा प्रकार सर्वसामान्य माणसाच्या अनुभवात फारसा आलाच नाही.

तो अगदीच आला नाही असेही नाही. रिलायन्सचे सुरुवातीचे सीडीएमए फोन दुसऱ्या कोणत्याही सेवेवर चालत नसत. २००८ मध्ये आयफोन ३जी भारतात आला, तेव्हा तो एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत, लॉकसह आणि ३१,००० रुपयांपासून पुढे विकला गेला. २०१७ चा जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर मिळत असे आणि २०२३ चा जिओभारत ९९९ रुपयांना; हे दोन्ही फक्त जिओच्या सिमवर चालतात. त्याच वर्षी एअरटेलच्या भागीदारीत पोकोचा एक स्वस्त फोन लॉकसह बाजारात आला. तेव्हा लॉकचा प्रश्न केवळ परदेशी फोनांचा आहे, असे समजून भारतीय बनावटीच्या जुन्या फोनाबाबत गाफील राहू नये.

आता थोडे तांत्रिक, कारण पुढची सगळी तपासणी यावर उभी आहे. प्रत्येक सिममध्ये साधारणपणे १५ अंकी एक ओळख-क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात आणि पुढचे दोन-तीन अंक मोबाइल कंपनी. भारतासाठी हे देश-अंक ४०४ आणि ४०५ आहेत, तर अमेरिकेतील क्रमांक ३१० आणि त्यापुढचे. लॉक असलेला फोन सिम घातल्याबरोबर हे अंक वाचतो आणि ते ठरवून दिलेल्या कंपनीचे नसतील तर नेटवर्कशी जोडून घेण्यास नकार देतो.

यातून निघणारी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फोन सिमची मूळ कंपनी पाहतो. आसपास कोणाचा टॉवर आहे याच्याशी लॉकला कर्तव्य नसते. म्हणून अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याच्या फोनवर त्याच्याच अमेरिकन सिमसह रोमिंगमध्ये ‘एअरटेल’ असे नाव झळकते, फोन लागतो, इंटरनेट चालते आणि तरीही तो फोन पक्का लॉक असू शकतो. ‘मुंबईत तर मस्त चालतोय’ हे वाक्य त्यामुळे पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट त्याहूनही मोलाची आहे. आयफोनाच्या बाबतीत लॉकची नोंद फोनच्या आयएमईआय क्रमांकाच्या, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाच्या नावाने ॲपलच्या सर्व्हरवर असते आणि मोबाइल कंपनीने कळवल्याशिवाय ती बदलत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत कंपनीकडून एक कोड मिळवावा लागतो किंवा कंपनीच्या ॲपमधून परवानगी यावी लागते. म्हणजे कुलूप फोनवर दिसत असले तरी त्याची किल्ली परदेशातल्या त्या कंपनीच्या हिशेबवहीत असते. हा व्यवहार बँकेचे कर्ज न फिटलेला फ्लॅट घेण्यासारखा आहे. फ्लॅटचा ताबा मिळाला तरी बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय तो तुमचा होत नाही.

ही वही किती पक्की असते, हे अमेरिकेतील दोन खटल्यांवरून दिसते. एका टोळीने एटी अँड टी या अमेरिकी मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांना लाच देऊन सुमारे १९ लाख फोन उघडून घेतले. तिच्या सूत्रधाराला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या प्रकरणात टी-मोबाइल या तिथल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड फसवून मिळवून लाखो फोन अनलॉक करण्यात आले आणि त्या माणसाला २०२२ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. फोनमध्येच काही खाटखूट करून काम भागत असते, तर या मंडळींना कर्मचाऱ्यांच्या मागे लागण्याची गरज पडली नसती.

एकाच शब्दाखाली चार निरनिराळी कुलपे

बाजारात ‘लॉक’ हा शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि ‘साहेब, लॉक नहीं है’ असे म्हणणारा विक्रेता त्यांतल्या एकाविषयीच खरे बोलत असण्याची शक्यता असते. पहिला म्हणजे आपण पाहत असलेला नेटवर्क-लॉक. दुसरा खात्याचा: आयफोनवर आधीच्या मालकाचे ॲपल खाते, अँड्रॉइडवर त्याचे गूगल खाते; फोन रिसेट केल्यावर तोच पासवर्ड पुन्हा मागितला जातो. तिसरा संस्थेचा: फोन एखाद्या कार्यालयाने कर्मचाऱ्याला दिलेला असतो आणि सुरुवातीलाच ‘हा फोन अमुक संस्थेच्या देखरेखीखाली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. चौथा कर्जाचा: आपल्याकडे हप्त्यांवर घेतलेल्या अनेक फोनांत वित्तसंस्थेचे ॲप बसवलेले असते आणि हप्ता चुकला की ते फोन बंद पाडते. पहिला आणि शेवटचा हे लॉक अनेकदा विक्रीनंतर काही आठवड्यांनी डोके वर काढतात, म्हणून ते अधिक घातक.

विक्रेत्याला विचारताना मोघम ‘लॉक आहे का’ असे विचारू नये. ‘हा फॅक्टरी अनलॉक आहे की चिपवर चालतो?’ असा नेमका प्रश्न टाकावा. फॅक्टरी अनलॉक म्हणजे मुळातच कोणत्याही कंपनीशी न बांधलेला; चिप म्हणजे लॉकला चकवण्यासाठी सिमखाली बसवलेली पातळ पट्टी, तिच्याविषयी पुढे येईलच. बाजारातल्या लोकांना तो लगेच कळतो आणि समोरच्याला आपण अगदीच नवखे नाही, याचा अंदाज येतो.

घरून निघण्यापूर्वी

फोन पाहायला जाण्याआधी विक्रेत्याकडून आयएमईआय क्रमांक आणि मॉडेल क्रमांक मागवून घ्यावा. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय दिसतो. त्याच पडद्याचे छायाचित्र पाठवण्यास सांगावे. आढेवेढे घेणाऱ्या विक्रेत्याकडे जाऊन लोकलचे तिकीट फुकट घालवू नये.

क्रमांक हाती आल्यावर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो तपासावा. फोनवरून १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवूनही हे करता येते: इंग्रजी के, वाय, एम ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येते आणि तो भारतात ब्लॉक केलेला आहे का, हेही समजते. हरवलेले व चोरीला गेलेले फोन बंद पाडण्याच्या या यंत्रणेची सुरुवात २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात महाराष्ट्रातूनही झाली होती. मात्र या तपासणीतून नेटवर्क-लॉक कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. तसेच अमेरिकेत हप्ते थकवल्यामुळे काळ्या यादीत गेलेला फोन आपल्या पोर्टलवर स्वच्छ दिसू शकतो.

मॉडेल क्रमांकावरून फोन कोणत्या देशासाठी बनला, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहता येते. सॅमसंगच्या अमेरिकी गॅलेक्सी फोनांत क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो मोबाइल कंपनीमार्फत विकलेला आणि ‘यू१’ असेल तर कारखान्यातून मोकळा निघालेला, असा ठोकताळा आहे. ‘यू’ असलेला प्रत्येक फोन लॉकच असतो असे नव्हे, कारण हप्ते फेडून तो रीतसर उघडून घेतलेला असू शकतो. पण तपासणी अधिक कडक करावी, एवढे त्यावरून ठरते.

फोन कोणत्या देशातून आणि केव्हा विकला गेला, हेही विचारावे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक अवस्थेतच द्यावे लागतात. जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून सिम-लॉकवर तत्त्वतः बंदी आहे आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत. त्यामुळे या देशांतील अलीकडच्या फोनांबाबत धोका कमी आहे. खरी काळजी अमेरिकेच्या फोनांची घ्यावी लागते आणि मुंबईच्या बाजारात ‘यूएस पीस’ भरपूर असतात. तिथे २०१४ च्या कायद्याने ग्राहकाला फोन अनलॉक करून घेणे कायदेशीर ठरवले, तरी कंपनीने कधी आणि कोणत्या अटींवर तो उघडावा, हे बऱ्याच अंशी कंपनीच ठरवते.

दुकानातील तपासणी

सोबत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चालू सिमकार्डे, सिम ट्रे काढण्याची पिन आणि मोबाइल डेटा चालू असलेला दुसरा फोन घेऊन जावे. सिम दोन कंपन्यांची का? समजा एखादा भारतीय फोन एअरटेललाच बांधलेला आहे आणि आपणही एअरटेलचेच सिम घेऊन गेलो, तर सर्व काही सुरळीत चालेल आणि लॉकचा मागमूसही लागणार नाही. दुकानदाराने त्याच्या गल्ल्यातले सिम घालून दाखवलेला टॉवर तर मुळीच ग्राह्य धरू नये.

पहिले काम सिम ट्रे बाहेर काढण्याचे. ट्रे उजेडात धरून नीट पाहावा. नॅनो सिमच्या आकाराची, कागदाइतकी पातळ, एका बाजूला सोनेरी संपर्कबिंदू असलेली पट्टी सिमखाली चिकटवलेली असेल, तर तीच बाजारात ‘चिप’ म्हणून ओळखली जाणारी वस्तू. कधी कधी दुकानदार ट्रे स्वतःच काढून, पट्टी बोटाच्या चिमटीत धरून, आपले सिम तिच्यावर बसवून परत आत सरकवतो आणि हे इतक्या सफाईने होते की बोलण्याच्या नादात लक्षातही येत नाही. म्हणून ट्रे काढणे आणि घालणे दोन्ही स्वतः करावे. ट्रे पूर्ण रिकामा करून, हाताने पुसून, केवळ आपले सिम त्यात ठेवावे.

आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट या मार्गाने जाऊन ‘कॅरियर लॉक’ ही ओळ पाहावी. तिच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असेल तर फोन मोकळा. ‘सिम लॉक्ड’ असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. ही ओळ आयओएस १४ पासून उपलब्ध आहे. चिपने टॉवर आणता येतो, पण ही ओळ बदलता येत नाही, म्हणून आयफोनसाठी इतकी सोपी आणि भरवशाची दुसरी खूण नाही. दुकानदाराने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. ओळ त्याच फोनवर, आपल्या हाताने तिथवर जाऊन पाहावी आणि त्याच पडद्यावरचा आयएमईआय खोक्यावरच्या व *#०६# ने आलेल्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. अँड्रॉइडमध्ये सर्व फोनांना लागू पडेल अशी एक ओळ नाही. तिथे दोन्ही सिमे एकामागून एक घालून पाहण्यावाचून इलाज नसतो.

यानंतरची पायरी बहुतेक ग्राहक संकोचामुळे टाळतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. विक्रेत्याला त्याचे खाते काढून टाकून फोन आपल्यासमोर पूर्ण रिसेट करायला लावावे. मग आपल्या दुसऱ्या फोनचे हॉटस्पॉट जोडून, आपले सिम आत ठेवून, सुरुवातीची सर्व मांडणी मुख्य पडद्यापर्यंत पूर्ण करावी. या एका कृतीत वर सांगितलेली बहुतेक कुलपे उघडी पडतात: नेटवर्क-लॉक असेल तर सिम नाकारले जाते, खाते शिल्लक असेल तर जुना पासवर्ड मागितला जातो, संस्थेचा फोन असेल तर तिचे नाव झळकते आणि वित्तसंस्थेचे ॲप अनेकदा आपोआप परत येऊन बसते. यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. ‘डेटा है अंदर’, ‘रिसेट से प्रॉब्लेम होगा’ अशी कारणे देणाऱ्या विक्रेत्याचा फोन घेऊ नये. ज्या फोनला रिसेटची भीती वाटते, त्याची आपल्यालाही वाटली पाहिजे.

फोन सुरू झाल्यावर केवळ टॉवरच्या रेघा पाहून समाधान मानू नये. दोन्ही सिमांवरून प्रत्यक्ष फोन करावा, आलेला फोन घ्यावा, संदेश पाठवावा आणि वाय-फाय बंद करून इंटरनेट वापरून पाहावे. जिओकडे २जी व ३जी जाळे नसल्यामुळे तिथे बोलणे व्होल्टीवरच, म्हणजे ४जी जाळ्यावरून कॉल करण्याच्या सोयीवरच अवलंबून असते आणि परदेशी मोबाइल कंपनीसाठी तयार केलेल्या काही अँड्रॉइड फोनांत इंटरनेट चालते पण जिओवरून साधा कॉल लागत नाही. अशा फोनला तांत्रिकदृष्ट्या अनलॉक म्हटले, तरी घरच्यांशी बोलायला त्याचा उपयोग नाही.

चिपवर चालणारा फोन

मोकळ्या फोनपेक्षा चिपवर चालणारा फोन स्वस्त मिळतो आणि ‘काही फरक नाही, फक्त एक चिप आहे’ अशी त्याची भलामण केली जाते. फरक बराच आहे. ही पट्टी सिम आणि फोन यांच्यामध्ये बसून फोनला खोटी ओळख सांगते, म्हणजे भारतीय सिम असताना आतमध्ये मूळ अमेरिकी कंपनीचे सिम आहे, असे भासवते. फोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले किंवा फोन रिसेट झाला, की ही बतावणी उघडी पडण्याची शक्यता असते. मग नवी चिप, नवी सेटिंग आणि पुन्हा दुकानाची फेरी. सुरक्षेसाठी आवश्यक असलेले अपडेट टाळत राहणे हा त्यावरचा बाजारातला उपाय आहे. ज्या फोनवर आपण यूपीआय आणि बँकेचे व्यवहार करतो, त्यासाठी हा उपाय मला सर्वथा अमान्य आहे.

शिवाय ई-सिमच्या, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमच्या बाबतीत चिप काहीच करू शकत नाही, कारण तिला बसायला प्रत्यक्ष सिमची जागा लागते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिम ट्रेच नाही. म्हणजे असा अमेरिकी आयफोन लॉक असेल तर चिपचाही मार्ग बंद आणि हाती राहते ते वाय-फायवर चालणारे यंत्र.

अनलॉक आहे, तरीही

लॉक नसल्याची खात्री झाल्यावर दोन-तीन गोष्टी राहतात. भारतात ४जी सेवेसाठी १८०० व २३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांचा मोठा वापर होतो, तर ५जीसाठी मुख्यतः एन७८ या क्रमांकाच्या पट्ट्याचा आणि जिओकडे त्याबरोबर एन२८ चा. काही जुन्या अमेरिकी मॉडेलांत २३०० चा पट्टा, म्हणजे बँड ४०, नसे. मॉडेल क्रमांकावरून हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे. जपानसाठीच्या अनेक आयफोनांत छायाचित्र काढतानाचा आवाज सहजी बंद करता येत नाही. नाटकाच्या प्रयोगात याचा जो अनुभव येतो, तो शेजारच्या प्रेक्षकाला विचारावा. अँड्रॉइड फोनांची वॉरंटी बहुधा खरेदीच्या देशापुरती असते. ट्रे नसलेल्या अमेरिकी आयफोनासाठी आपल्या मोबाइल कंपनीकडून ई-सिम घ्यावे लागेल आणि जिओ, एअरटेल व व्ही (व्होडाफोन आयडिया) तिन्ही ते देतात. पण घरातील वडीलधाऱ्यांसाठी फोन घेत असाल, तर बिघाडाच्या वेळी सिम काढून जुन्या फोनात घालण्याची सोय राहणार नाही, याचा विचार आधी करावा.

नातेवाइकांकडून फोन मागवताना

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात, कारण दोन्हीकडे हेतू चांगला असतो. मुलुंडच्या मावशींसाठी भाचा न्यू जर्सीहून फोन आणतो, पूर्ण पैसे भरलेले असतात, पावती असते आणि तरीही फोन लॉक निघतो. याची दोन कारणे नेहमी आढळतात.

एक म्हणजे तिथल्या मोठ्या विक्री-साखळ्यांत पूर्ण किमतीला घेतलेला काही आयफोन सुरुवातीला कोणाशीच बांधलेला नसतो, मात्र ज्या कंपनीचे सिम त्यात पहिल्यांदा सुरू केले जाते, तिच्याशी तो बांधला जातो. भाच्याने ‘चालतो का ते पाहू’ म्हणून आपले सिम घातले की झाले. दुसरे म्हणजे सणासुदीच्या सवलतीत सुपरमार्केटमधून घेतलेले प्रीपेड फोन. ते अतिशय स्वस्त असतात, कारण ते लॉक असतात आणि ठरावीक काळ त्या कंपनीच्या जाळ्यावर चालू राहिल्यानंतरच उघडले जातात. टी-मोबाइलच्या प्रीपेड फोनांना हा काळ वर्षभराचा राहिलेला आहे. खोके न फोडता मुंबईला आणलेला फोन तो काळ कधीच पूर्ण करू शकत नाही, कारण घड्याळ तिथल्या सिमवर चालते. ‘सीलपॅक आहे’ ही इथे जमेची बाजू ठरत नाही.

म्हणून मागवणाऱ्याने स्पष्ट शब्दांत लिहून कळवावे: उत्पादकाच्या स्वतःच्या दुकानातून किंवा संकेतस्थळावरून, कोणत्याही मोबाइल कंपनीची निवड न करता, पूर्ण किमतीला, अनलॉक अवस्थेतील फोन घ्यावा. ॲपलच्या दुकानात कंपनीची निवड नंतर करण्याचा पर्याय असतो; तोच निवडावा. भाचा स्वतःचा वापरलेला फोन देणार असेल, तर निघण्यापूर्वी त्याने हप्ते पूर्ण फेडून, कंपनीकडे अनलॉकची विनंती करून, ‘कॅरियर लॉक’ची ओळ पाहून घ्यावी. ‘मावशी, मी गेल्यावर बघतो’ असे म्हणून विमानात बसू देऊ नये. त्याच्या हप्त्यांची थकबाकी राहिली, तर फोन पुढेही उघडला जाणार नाही.

पावती आणि पैसे

तपासणी पूर्ण होईपर्यंत विसार म्हणूनही रक्कम देऊ नये. पावतीवर दुकानाचे नाव व पत्ता, तारीख, मॉडेल, आयएमईआय, रक्कम आणि ‘फॅक्टरी अनलॉक, सर्व भारतीय सिमवर चालेल, न चालल्यास पूर्ण रक्कम परत’ हे शब्द लिहून घ्यावेत. ‘टेस्टिंग वॉरंटी’, म्हणजे थोडे दिवस वापरून पाहण्याची दुकानदाराची हमी, तोंडी असते तोवर तिची किंमत शून्य. पैसे यूपीआयने दुकानाच्या खात्यात द्यावेत, म्हणजे व्यवहाराची नोंद राहते.

दुकानदाराने नंतर हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. ऑनलाइन जाहिरात पाहून दादर स्थानकाच्या पुलावर एखाद्या खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या फोनाला मात्र हे संरक्षण सहसा लाभत नाही, कारण तो मनुष्य व्यापारी नसतो. अशा व्यवहारात तपासणी दुप्पट कडक असावी आणि भेट शांतपणे बसता येईल अशा जागी ठरवावी. पुलावरच्या गर्दीत रिसेट करून पाहणे कोणालाच जमत नाही.

लॉक असलेला फोन आधीच घेतला असेल तर

प्रथम मूळ मोबाइल कंपनी कोणती, हे शोधावे. फोन सुरू होताना दिसणारे बोधचिन्ह, आधीपासून बसवलेली ॲप, खोक्यावरचे लेबल किंवा विक्रेत्याकडील मूळ पावती यांवरून ते समजते. त्यानंतर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील अनलॉकच्या अटी वाचाव्यात. अटी ढोबळमानाने सारख्याच असतात: हप्ते पूर्ण फेडलेले, फोन चोरीचा वा फसवणुकीचा म्हणून नोंदलेला नाही आणि तो ठरावीक दिवस त्या जाळ्यावर चालू होता. एटी अँड टीचे ग्राहक नसलेल्यांनाही आयएमईआय देऊन त्यांच्या संकेतस्थळावर विनंती करता येते. इतर ठिकाणी मूळ मालकाची मदत लागते, म्हणून विक्रेत्याकडून त्याच्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करावा. मंजुरी मिळाल्यास आयफोनात दुसऱ्या कंपनीचे सिम घालून किंवा बॅकअप घेऊन फोन रिसेट करून ती लागू होते. ॲपलच्या अधिकृत सेवाकेंद्राला हे कुलूप स्वतःहून काढता येत नाही, त्यामुळे तिथे हुज्जत घालून उपयोग नाही.

आलेल्या पडद्यावर मनाने कोड टाकून पाहू नयेत. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते आणि ती संपली की पुढे खरा कोड मिळूनही काही फोन तो स्वीकारत नाहीत. डॉलरमध्ये पैसे घेऊन केवळ आयएमईआयवर अनलॉक करून देऊ म्हणणाऱ्या संकेतस्थळांपैकी काही पैसे घेऊन गप्प बसतात, तर काहींचे काम वर सांगितलेल्या खटल्यांतल्यासारख्या मागच्या दाराने चालते आणि असे अनलॉक कंपनीच्या ध्यानात आल्यास रद्द होऊ शकते.

आणि एक प्रस्ताव तर हात जोडून नाकारावा. ‘आयएमईआय बदलून देतो, मग कुठलेही सिम चालेल’ असे सांगणारे कारागीर भेटतात. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार आयएमईआयमध्ये फेरफार करणे हा ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे आणि फेरफार केल्याचे माहीत असूनही असा फोन बाळगणाराही त्यातून सुटत नाही.

सर्व प्रयत्न थकले तर फोन वाय-फायवर मुलांच्या अभ्यासाला, कॅमेऱ्यासाठी किंवा घरातील व्हिडिओ कॉलसाठी वापरता येतो. विकायचाच असेल तर ‘नेटवर्क लॉक, भारतीय सिम चालत नाही’ असे जाहिरातीत आणि पावतीवर लिहून विकावा. पडदा, बॅटरी व कॅमेरा यांच्यासाठी दुरुस्तीवाले असे फोन घेतात. भाव अर्थातच सुट्या भागांचाच मिळतो आणि आयफोन असेल तर त्यातून आपले ॲपल खाते काढून टाकल्याशिवाय तोही नीट मिळत नाही.